बॅटरी बदलण्याआधी

आखाजी जवळ आली आणि लग्नतिथी लागल्या की आमच्या खान्देशात एक तक्रार हमखास वाढते. "भाऊ, बॅटरी टिकस नही." रात्री पूर्ण भरलेली बॅटरी हळद आटोपेपर्यंत लाल खूण दाखवू लागते आणि मंगलाष्टकांच्या वेळी फोटोग्राफर चार्जिंगचा बोर्ड शोधत फिरतो. कॅमेरा दुरुस्ती हा माझा व्यवसाय. जळगाव-धुळे पट्ट्यातले लग्नाचे फोटोग्राफर असोत, हतनूर धरणावर पक्षी टिपणारे हौशी असोत की नुकताच कॅमेरा हाती घेतलेली कॉलेजची मुले, तक्रार झाली की पुढचे वाक्य ठरलेले असते: "नवी बॅटरी द्या." मी ती लगेच देत नाही. मोटार चालू असूनही केळीच्या शेवटच्या ओळीला पाणी पोचत नसेल, तर शहाणा शेतकरी विहीर खोल करायला निघत नाही. आधी पाइप कुठे फुटला ते पाहतो. बॅटरीचेही तसेच आहे. ती संपते म्हणजे ती खराबच झाली, असे नाही. चार्ज कुठे जातो, हे आधी शोधायला हवे.

पहिला प्रश्न अपेक्षेचा. चाळीसगावच्या केकी मूस यांनी टेबलटॉप छायाचित्रणात नाव कमावले त्या काळातले यांत्रिक कॅमेरे बॅटरीवाचून चालत. आज बॅटरी काढली की कॅमेरा म्हणजे नुसता ठोकळा. त्यातही प्रकाराप्रकारांत फरक आहे. कॅननची एलपी-ई६एन ही एकच बॅटरी घ्या. फाइव्ह-डी मार्क फोर या आरसा असलेल्या कॅमेऱ्यात ती सुमारे ९०० फोटो देते. ईओएस आर या मिररलेस कॅमेऱ्यात सुमारे ३७०. हे आकडे कंपनीनेच दिलेले आहेत. मिररलेसमध्ये सेन्सर आणि पडदा सतत जागे असतात, म्हणून हा फरक पडतो. जुना कॅमेरा विकून मिररलेस घेतलेले अनेक जण हा फरक बिघाड समजून माझ्याकडे येतात. त्यांना दुरुस्तीची नव्हे, आणखी एका बॅटरीची गरज असते आणि मी तसे स्पष्ट सांगतो.

माहितीपत्रकातला आकडा कसा काढतात, तेही ठाऊक असावे. 'सिपा' या जपानी उद्योगसंघटनेच्या नियमानुसार २३ अंश तापमानात दर ३० सेकंदांनी एक फोटो काढतात, अंगचा फ्लॅश असेल तर तो एक आड एक फोटोला पेटवतात आणि ठरावीक फोटोंनंतर कॅमेरा बंद करून पुन्हा सुरू करतात. आपला मांडव मे महिन्यातला. तिथे व्हिडिओही चालू असतो आणि काढलेला प्रत्येक फोटो वरमाईला पडद्यावर दाखवावा लागतो, म्हणून छापील आकडा गाठता येत नाही. उलट सलग धडाधड काढले तर त्याच बॅटरीत छापील आकड्याहून कितीतरी जास्त फोटो निघतात. खर्च फोटोंच्या संख्येवर कमी आणि कॅमेरा किती वेळ जागा राहतो त्यावर जास्त अवलंबून असतो. अजिंठ्याला जाऊन आलेल्यांना हे पटेल. तिथे फ्लॅशला मनाई, लेणीत अंधूक उजेड. फोकस चाचपडत राहतो, लेन्समधले कंपनरोधक चालूच असते, आणि मोजके फोटो काढूनही बॅटरी अर्ध्यावर येते.

हे सगळे वजा करूनही बॅटरी फार लवकर उतरत असेल, तर मात्र शोध घ्यायचा. माझी पद्धत दोन रात्रींची आहे आणि ती कोणालाही घरी करता येते. बॅटरी पूर्ण भरा, चार्जरवरून काढून तासभर तशीच राहू द्या, मग कॅमेऱ्यात घालून टक्केवारी पाहा. साधा मल्टिमीटर असेल तर व्होल्टेज मोजा. दोन सेलची बॅटरी पूर्ण भरलेली असताना ८.४ व्होल्टच्या आसपास दाखवते. पहिल्या रात्री ती कॅमेऱ्याबाहेर, कोरड्या जागी ठेवा. सकाळी आकडा ठळक उतरला असेल, तर दोष बॅटरीतच आहे. निरोगी लिथियम-आयन बॅटरी पडून राहिली तर महिन्याकाठी काही टक्केच उतरते, एका रात्रीत नाही. दुसऱ्या रात्री तीच बॅटरी पुन्हा भरून नुसत्या बॉडीत ठेवा: लेन्स काढून टोपण लावलेले, कार्ड बाहेर, ग्रिप सोडवलेली, स्विच बंद. आता आकडा पडला तर गळती बॉडीत आहे. नाही पडला, तर लेन्स, कार्ड, ग्रिप एकेक जोडत रोज रात्री तेच करा. जी वस्तू जोडल्यावर आकडा पडतो, ती चोर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, एवढे पथ्य पाळले तर हा शोध सहसा चुकत नाही.

बॉडीतल्या गळतीत पहिला संशय बिनतारी सोयींवर घ्यावा. काही मॉडेलांत जीपीएस चालू ठेवले तर कॅमेऱ्याचा स्विच बंद केल्यावरही ते उपग्रहांचे संकेत घेत राहते. काहींत ब्लूटूथ बंद कॅमेऱ्यातूनही मोबाइलकडे फोटो पाठवत राहते. मेनूत जाऊन जीपीएस बंद करा, एअरप्लेन मोड लावा आणि रात्रीची चाचणी पुन्हा घ्या. अनेकांची तक्रार इथेच मिटते. ग्रिपचे संपर्कबिंदू घामाने काळवंडतात, तेही पाहावेत. कार्ड खराब असेल तर फोटो काढून झाल्यावरही लाल दिवा लुकलुकत राहतो. कॅमेरा लिहिण्याचा प्रयत्न सोडत नाही आणि बॅटरी खातो.

दोन्ही रात्री निर्दोष गेल्या तर चोरी वापरात होते आहे. कॅमेरा चालू ठेवून टेबलावर ठेवा आणि हात लावू नका. मेनूत ठरवलेल्या वेळेत तो झोपला पाहिजे. पारोळ्याकडच्या एका तरुण फोटोग्राफरचा कॅमेरा झोपतच नव्हता. त्याच्या नव्या बॅटऱ्या घेऊन झाल्या होत्या. वरच्या छोट्या पडद्यावरचे शटरस्पीडचे आकडे विझत नव्हते, यावरून मला वाट सापडली. भिंगातून पाहिले तर शटरच्या बटणाभोवती पिवळी, चिकट रेघ वाळून बसली होती. हळदीच्या कार्यक्रमातली तेलात कालवलेली हळद फटीतून आत गेली होती. अर्धे दाबलेले बटण पुरते वर येत नव्हते. कॅमेऱ्याला वाटे, बोट अजून बटणावरच आहे. मग प्रकाशमापन, फोकस, कंपनरोधक सगळे जागे. वरचे कव्हर उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो संपर्क साफ केला आणि कॅमेरा वेळेवर झोपू लागला. हे काम घरी करू नये, पण निदान घरी नक्की होते. मिररलेसवाल्यांनी आणखी एक पाहावे: कॅमेरा गळ्यात लटकत असताना डोळ्याच्या सेन्सरसमोर शर्ट येतो आणि दृश्यदर्शक पुन्हा पुन्हा पेटतो. दोन फोटोंच्या मध्ये मोकळा वेळ असेल तर स्विच बंद करावा.

आता बॅटरीबद्दल. तिची तब्येत बरेच कॅमेरे स्वतःच सांगतात. कॅननच्या मेनूत तीन हिरव्या पट्ट्या म्हणजे उत्तम, एक लाल म्हणजे बदला. निकॉनमध्ये वय ० ते ४ असे दाखवतात. ४ म्हणजे निवृत्ती. साठ टक्के दाखवून एकदम बंद पडणारी बॅटरी आतून थकलेली असते. थंडीत हे अधिक जाणवते. डिसेंबरात सारंगखेड्याच्या घोडेबाजारात पहाटे फोटो काढणाऱ्यांना किंवा धुळ्याचा पारा एक आकडी होतो तेव्हा लळिंगला जाणाऱ्यांना हा अनुभव येतो. ती बॅटरी खिशात उबेला ठेवली तर पुन्हा थोडी चालते, कारण थंडीचा परिणाम तात्पुरता असतो.

उन्हाचा परिणाम मात्र कायमचा. पूर्ण भरलेली लिथियम-आयन बॅटरी वर्षभर ४० अंशांत राहिली तर तिची सुमारे एक तृतीयांश क्षमता जाते. साधारण ४० टक्के भरून ठेवली तर त्याच उष्णतेत सुमारे १५ टक्के जाते. आपल्या जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि काचा बंद करून उभ्या केलेल्या गाडीत त्याहून कितीतरी वर. बॅग डिकीत ठेवून जेवायला बसणारा फोटोग्राफर बॅटरीचे आयुष्य स्वतःच्या हाताने कमी करतो. गाडीतून काढलेली तापलेली बॅटरी लगेच चार्जरला लावू नये. गार होऊ द्यावी. हंगाम संपला की बॅटऱ्या अर्ध्या भरून, कॅमेऱ्यातून काढून, घरातल्या गार कपाटात ठेवाव्यात. माठाजवळ किंवा फ्रीजमध्ये नको, ओल धरते.

स्वस्त डुप्लिकेट बॅटरीवर मूळ बॅटरीहून दीडपट आकडा छापलेला दिसला तर विश्वास ठेवू नका. त्याच आकाराच्या डबीत इतकी जास्त ऊर्जा मावत नाही. फुगलेली बॅटरी एक दिवसही वापरू नये, टोचू नये, कचऱ्यात टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेली बॅटरी परत घेऊन तिचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. ती विक्रेत्याकडे किंवा ई-कचरा संकलनात द्यावी.

माझ्या भागातले बहुतेक फोटोग्राफर कष्टाच्या पैशातून, अनेकदा हप्त्यांवर, कॅमेरा घेतात. त्यांचे पैसे वाया गेलेले मला पाहवत नाहीत. म्हणून मित्रांनो, तुळशीचे लग्न लागून तिथी सुरू होण्याआधी दोन रात्री काढा, ही चाचणी करा आणि निकाल वहीत लिहून ठेवा. दोष बॅटरीचा निघाला तर नवी जरूर घ्या, अस्सल घ्या. दोष दुसरीकडे निघाला तर ती वही घेऊन दुरुस्तीवाल्याकडे जा. त्याचे अर्धे काम झालेले असेल आणि तुमचा खर्चही वाचेल.