सातबाऱ्यावरचे नाव

मी शेतकीचा पदवीधर. कृषी खात्याच्या नोकरीत अठ्ठावीस वर्षे गावोगाव हिंडलो. बियाणे कोणते घ्यावे, खत किती टाकावे, हे पुष्कळांना सांगितले. पण पिकवलेला माल विकायची वेळ आली तेव्हा माझ्याच घरात माझे शहाणपण उणे पडले. ती हकीकत आज सांगतो.

माझे थोरले बंधू २०२२ साली वारले. तेव्हापासून शेती वहिनीच पाहतात. २०२४ च्या दसऱ्यानंतर मळणी होऊन चौदा क्विंटल सोयाबीन घरात आले. गावचा व्यापारी दारात येऊन क्विंटलला ३,९०० रुपये देत होता. सरकारचा हमीभाव होता ४,८९२.

मी म्हणालो, "वहिनी, घाई करू नका. माल वाळवा. आपण सरकारी केंद्रावर घालू."

"भावजी, तुम्ही सांगता म्हणजे बरोबरच असणार," त्या म्हणाल्या.

आठ दिवस त्यांनी अंगणात सोयाबीन वाळवले, चाळले, काडीकचरा वेचला. मग आम्ही नोंदणीला गेलो. सातबारा, पीकपेऱ्याची नोंद, आधार कार्ड, बँकेचे पासबुक, सगळे पुढे ठेवले. तिथल्या मुलाने सातबारा पाहून विचारले, "हे शेतकरी आले नाहीत का?"

वहिनी हळूच म्हणाल्या, "ते वारले."

कागद परत मिळाले. बंधूंच्या मागे वारसनोंद झालीच नव्हती. आज करू, उद्या करू म्हणत दोन वर्षे मीच घालवली होती. हरभऱ्याची पेरणी तोंडावर आली होती, मजुरांचे पैसे द्यायचे होते. माल त्याच व्यापाऱ्याच्या काट्यावर गेला. त्याने ३,९०० प्रमाणे रोख मोजले, एकही कागद मागितला नाही. चौदा क्विंटलांत १३,८८८ रुपये गेले. वहिनी मला एक शब्दही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे वाटले असते.

त्या रात्री पडल्या पडल्या विचार करू लागलो. सरकार खरेदी करते ते सातबाऱ्यावरच्या नावाकडून. व्यापारी खरेदी करतो तो पोते ज्याच्या हातात आहे त्याच्याकडून.

व्यापाऱ्याचा पैसा स्वतःचा असतो. तो ओला माल घेईल, वाळलेल्यात मिसळील, रात्री काटा लावील, अडीनडीला उचलही देईल. पण ओलाव्यापोटी किती कापायचे आणि तुमच्या गरजेची किंमत किती धरायची, हे तोच ठरवतो. बाजार पडला की त्याचा भावही पडतो. त्याला नफा पाहावाच लागतो.

सरकारचा पैसा साऱ्या जनतेचा. त्याचा हिशेब तपासला जातो, म्हणून प्रत्येक पोत्यामागे कागद लागतो. केंद्रावरच्या माणसाला दया आली तरी नियम मोडता येत नाही. त्याच २०२४ साली सोयाबीनच्या ओलाव्याची मर्यादा बारा टक्के होती. ती त्या हंगामापुरती पंधरा करायची तर नोव्हेंबरात केंद्र सरकारचा हुकूम यावा लागला. या खरेदीला वेळ लागतो, कधी बारदाना संपतो, पैसे खात्यावर यायला दिवस जातात. परंतु भाव पेरणीच्या सुमारासच जाहीर झालेला असतो, आणि तुमची नड पाहून तो कमी होत नाही.

हे जुनेच आहे. १९७२ साली आपल्या राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. माझ्या लहानपणी वडील बैलगाडी भरून केंद्रावर जात आणि गाड्यांच्या रांगेत रात्र काढत. चुकारा हप्त्याहप्त्याने मिळे. वडील कुरकुरत, पण प्रतवारी आणि भाव लिहिलेली पावती पेटीत जपून ठेवत. तेव्हा दुसऱ्याला कापूस विकायची मुभा नव्हती. आज ती आहे. म्हणूनच दोन्ही दारे उघडी ठेवण्याचे काम आता आपल्याकडे आले आहे.

त्यासाठी माझे सांगणे थोडके आहे. घरात कोणी वारले तर मृत्यूचा दाखला घेऊन वारसनोंदीचा अर्ज आधी करा. पिकाची नोंद वेळेवर करा. माल वाळवून, चाळून ठेवा. तो व्यापाऱ्याला दिला तरी चांगला भाव मागता येतो. तातडीच्या खर्चापुरताच माल आधी विका आणि व्यापाऱ्याकडूनही वजनाची, भावाची पावती मागा.

२०२५ च्या एप्रिलपासून राज्यात 'जिवंत सातबारा' मोहीम निघाली. मयत खातेदारांच्या वारसांची नावे त्यात लावली गेली. आमचाही फेरफार तेव्हा झाला. वहिनींचे आणि दोन्ही मुलांचे नाव लागले. त्या वर्षी हमीभाव ५,३२८ होता. वहिनींनी मला न विचारताच चार क्विंटल मजुरीसाठी व्यापाऱ्याला दिले आणि बाकीच्याची नोंदणी स्वतः जाऊन केली. काही दिवसांनी केंद्रावर माल आणण्याचा निरोप मोबाईलवर आला. त्यांनी तो माझ्यापुढे धरला.

"भावजी, वाचा बरं. नाव कुणाचं आहे?"

मी वाचून दाखवले. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावले.