अडीच तासांची कंटाळवाणी कुस्ती

आजचा धागा नेहमीपेक्षा वेगळा आहे. गडकोट, ताम्रपट आणि तहांना आज सुट्टी. व्यावसायिक कुस्तीच्या इतिहासातील मला सर्वांत प्रिय असलेल्या लढतीविषयी लिहायचे आहे. प्रारंभीच सांगून टाकते की, तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांच्या दृष्टीने ती लढत अत्यंत रटाळ झाली होती.

दिनांक १० सप्टेंबर १९१०. स्थळ लंडनच्या शेफर्ड्स बुश भागातील स्टेडियम. एका बाजूला पंजाबचा गामा, दुसऱ्या बाजूला स्टॅनिस्लॉस झिबिस्को. पणाला ‘जॉन बुल’ पट्टा आणि २५० पौंड.

माझ्या पिढीतील अनेकांप्रमाणे माझीही कुस्तीशी ओळख टेन स्पोर्ट्सवरील डब्ल्यूडब्ल्यूईने करून दिली. अंडरटेकरची उंची आणि वजन मला ट्रम्प कार्डांमुळे मुखोद्गत होते. सनावळ्या पाठ होण्याचे दिवस पुढे आले. आठ-नऊ वर्षांची असताना एका दुपारी चुलत भावाने जाहीर केले की, हे सगळे आधीच ठरलेले असते. मी रडत आजोबांकडे दाद मागायला गेले. आजोबांनी तरुणपणी तालमीत माती अंगाला लावलेली. त्यांनी टीव्हीकडे एकदा पाहिले आणि निवाडा दिला, “नुरा हाय ती समदी. खरी कुस्ती म्हंजी गामाची. लंडनला गोऱ्याला धरला आन् मिनटात आस्मान दावलं.”

‘नुरा’ हा शब्द मी तेव्हा प्रथम ऐकला. आज तो राजकीय बातम्यांत अधिक आढळतो. मूळचा तो आखाड्यातला. दोन मल्लांनी संगनमताने, निकाल ठरवून केलेली लढत म्हणजे नुरा कुस्ती. त्या दुपारी माझे एक दैवत गेले आणि दुसरे मिळाले. कुठेतरी एक निखालस खरी कुस्ती झालेली आहे, ही श्रद्धा मी पुढे बरीच वर्षे सांभाळली.

मग इतिहासाच्या पदव्युत्तर वर्गात आले आणि एका रिकाम्या संध्याकाळी त्या श्रद्धास्थानाची साधने तपासायला बसले. अशा संध्याकाळी सहसा महागात पडतात.

घडले ते असे. १९१०च्या उन्हाळ्यात आर. बी. बेंजामिन नावाच्या आयोजकाने गामा, त्याचा भाऊ इमामबक्ष आणि आणखी काही मल्लांना लंडनला नेले. गामाची उंची पाच फूट सात-आठ इंच, वजन २०० पौंडांच्या आसपास. त्याच्याशी लढायला नामांकित मल्ल सहजी तयार होईनात. अखेर ऑगस्टमध्ये बेंजामिन रोलर हा अमेरिकन मल्ल, व्यवसायाने डॉक्टर, पुढे आला आणि दोन्ही डावांत चीत झाला. पहिला डाव तर दोन मिनिटेही टिकला नाही. त्यानंतर झिबिस्कोशी लढत ठरली.

पहिल्या मिनिटाच्या आतच गामाने झिबिस्कोला खाली घेतले. आजोबांची कथा इथवर खरी आहे. इथून पुढे मात्र झिबिस्को खालीच राहिला. पालथा, हातपाय आखडून, छाती गादीला चिकटवून. गामाहून पन्नासेक पौंडांनी जड असलेला, रुंद पाठीचा, आखूड मानेचा तो देह उलटवण्यासाठी गामाने नाना डाव घातले. पाठ काही गादीला लागेना. झिबिस्को अपवादानेच उभा राहिला आणि पुन्हा खाली बसला. असे दोन तास पस्तीस मिनिटे चालले. अखेर लढत अनिर्णित सुटली. १७ सप्टेंबरला पुन्हा लढण्याचे ठरले. त्या दिवशी झिबिस्को आलाच नाही. गामाला विजयी घोषित करून पट्टा देण्यात आला.

म्हणजे लंडनमध्ये गामाने झिबिस्कोला चीत केलेच नव्हते. एका मिनिटातील ‘आस्मान’ प्रत्यक्षात १९२८च्या पतियाळाचे. लोककथेने अठरा वर्षांचे अंतर गाळून दोन कुस्त्यांची एक कुस्ती केली. कथा अशाच घडतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आपल्या आवडत्या दंतकथेची शिवण उसवताना बोटांना लागते, हे मान्य केले पाहिजे.

गावच्या जत्रेतील मैदान ज्यांनी पाहिले आहे, त्यांना अशी लढत ओळखीची वाटेल. एक मल्ल कब्जा घेऊन वर, दुसरा खाली दगडासारखा. दहा मिनिटे होतात, पंधरा होतात. हलगीवाला दमतो. कडेने शिट्ट्या सुरू होतात, कोणीतरी ‘सोडवा, सोडवा’ असे ओरडतो आणि पंच दोघांना उठवतात. घरी परतताना त्या कुस्तीविषयी कोणी बोलत नाही. अडीच तासांची हीच कुस्ती शेफर्ड्स बुशला झाली आणि तिथल्या क्रीडापत्रकारांनी टीकेचा सारा रोख झिबिस्कोवर धरला. आपल्याकडेही तो तेव्हापासून भित्राच ठरला आहे.

माझे मत निराळे आहे आणि त्यासाठी शंभर दिवस मागे जायला हवे.

१ जून १९१०, शिकागो. समोर जगज्जेता फ्रँक गॉच. हाच तो गॉच, ज्याने १९०८ साली जॉर्ज हॅकेनश्मिटला दोन तास झुंजवून हार मानायला लावली. झिबिस्कोशी त्याची आधी एक लढत झालेली होती. नोव्हेंबर १९०९मध्ये बफेलो येथे झिबिस्कोला तासाभरात दोनदा चीत करण्याची पैज गॉचने लावली होती आणि तो ती हरला होता. आता खरी अजिंक्यपदाची लढत. झिबिस्को हस्तांदोलनासाठी हात पुढे करून आला. गॉचने त्याच क्षणी झडप घातली आणि सहा-सात सेकंदांत त्याची पाठ टेकवली. आपल्या आखाड्यात सलामी पुरी होण्याआधी कोणी असे केले असते, तर लोकांनी मैदान डोक्यावर घेतले असते. शिकागोत पंचांनी डाव ग्राह्य धरला. दुसरा डाव अर्ध्या तासाच्या आत गेला आणि लढत संपली.

सहा सेकंदांत जगासमोर हसे झालेला हा मनुष्य सव्वातीन महिन्यांनी गामासमोर उभा आहे, हे ध्यानात घेऊन लंडनची लढत पुन्हा वाचा. पहिल्याच मिनिटाला तो पुन्हा खाली येतो. शिकागोची पुनरावृत्ती होऊ घातलेली आहे. त्यानंतरचे अडीच तास त्याने जे केले, त्याला भित्रेपणा म्हणा. मला त्यात ‘आता एक सेकंदही फुकट देणार नाही’ असा हट्ट दिसतो. हा पुरावा नव्हे, हे माझे वाचन आहे. परंतु गामासारख्या मल्लाला अडीच तास पाठ न देणे ही काही निव्वळ पळवाट नव्हे. नुसते पडून राहणाऱ्याला गामाने कधीच उलटवले असते. प्रत्येक डावाला आतल्या आत प्रतिडाव होता. तो प्रेक्षकांच्या आसनांपर्यंत पोहोचत नव्हता, एवढेच.

आणखी एक गोष्ट आपल्या कथेतून गळलेली आहे. आपण म्हणतो, गामाने गोऱ्याला हरवले आणि ऐकणारा मनात ‘इंग्रजाला’ असे भाषांतर करतो. झिबिस्कोचे खरे नाव यान स्टानिस्लाव्ह त्सिगानियेविच. जन्म गालिसियातला. तो पोलिश होता, पण १९१० साली पोलंड नावाचे राष्ट्र नकाशावर नव्हते. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी ते शतकापूर्वीच वाटून घेतलेले होते. झिबिस्को ऑस्ट्रियाच्या सम्राटाचा प्रजाजन, गामा ब्रिटिश सम्राटाचा. दोन पराधीन लोकांतले दोन पुरुष लंडनकरांच्या करमणुकीसाठी ‘जॉन बुल’ नावाच्या पट्ट्याकरिता झुंजत होते. प्रेक्षकांना त्यात वर्णसंघर्ष दिसला, हेही खरे. दोनच महिन्यांपूर्वी, ४ जुलैला, जॅक जॉन्सनने रेनो येथे जिम जेफ्रीजला मुष्टियुद्धात नमवले होते आणि अमेरिकेतील अनेक शहरांत दंगली उसळल्या होत्या. गोऱ्या जगाचे लक्ष त्या वर्षी अशा लढतींकडे जरा जास्तच होते. तरीही मला गादीवर घट्ट दाबून बसलेला झिबिस्को साम्राज्याचा प्रतिनिधी वाटत नाही.

या लढतीवरील माझ्या प्रेमाचे मुख्य कारण मात्र साधे आहे. ती कोणी लिहिलेली नव्हती. प्रेक्षक आणण्याची चिंता असलेला कोणताही आयोजक अडीच तासांची अनिर्णित मिठी लिहिणार नाही. त्या काळातही ठरवलेल्या लढती होत असत. १९११च्या गॉच-हॅकेनश्मिट लढतीविषयी आजही चाहते भांडतात. अशा धंद्यात, जिथे निकाल, जखमा, वैर सारेच बनावट असू शकते, तिथे माझ्यापुरता कंटाळा हा सर्वांत विश्वासार्ह साक्षीदार आहे.

धंद्यालाही हे उमगले होते. १९२०च्या दशकात एड ‘स्ट्रँग्लर’ लुईस, त्याचा व्यवस्थापक बिली सँडो आणि टूट्स माँट या त्रिकुटाने कंटाळ्यावर इलाज शोधला. लढती आखूड केल्या, वेग वाढवला, उचलून आपटण्यासारखे डोळ्यांत भरणारे प्रकार आणले आणि निकाल आपल्या हाती ठेवले. आपण टीव्हीवर जे पाहत वाढलो, त्याची मुळे इथे आहेत. जानेवारी १९२५मध्ये त्यांनी वेन मन या धिप्पाड फुटबॉलपटूला लुईसवर ‘विजय’ मिळवून देऊन अजिंक्य केले. मनला कुस्ती फारशी येत नव्हती. तशी गरजही नव्हती.

मग १५ एप्रिल १९२५, फिलाडेल्फिया. मनसमोर हरण्यासाठी एक म्हातारा होत चाललेला मल्ल निवडला गेला. तो झिबिस्को होता. घंटा झाली आणि झिबिस्को खरी कुस्ती लढू लागला. त्याने मनला पुन्हा पुन्हा खाली दाबले, पाठ टेकवली आणि शेवटी पंचांना त्याचा हात वर करावाच लागला. प्रतिस्पर्धी गटाशी त्याचे आधीच संधान होते. सहा आठवड्यांत त्याने अजिंक्यपद त्या गटाच्या जो स्टेकरकडे सुपूर्द केले. १९९७च्या मॉन्ट्रियल प्रकरणावर, म्हणजे व्हिन्स मॅकमॅहनने परस्पर घंटा वाजवून ब्रेट हार्टचे अजिंक्यपद घेतले त्यावर, रात्री जागवणाऱ्या मित्रांना मी नेहमी सांगते की, फिलाडेल्फिया हा त्याचा वडीलधारा आहे. पण मॉन्ट्रियलची दगाबाजी मालकाने मल्लावर केली, फिलाडेल्फियाची मल्लाने मालकांवर. माझी पसंती उघड आहे. तरी या लढतीत माझी कणव मनकडे जाते. जे आपल्याला येत नाही, ते येते असे जगाला सांगितले गेलेला तो माणूस भर गर्दीत एकटा सापडला होता.

पतियाळाविषयी थोडक्यात. जानेवारी १९२८च्या अखेरीस महाराजा भूपिंदर सिंग यांच्या आश्रयाने गामा आणि झिबिस्को पुन्हा समोरासमोर आले. दोघेही पन्नाशीच्या उंबरठ्यावर. यावेळी पायाखाली माती. गामाने एका मिनिटाच्या आत झिबिस्कोला चीतपट केले. सेकंद किती, हे सांगणाऱ्यागणिक बदलते. अफाट जमावाला जे हवे होते, ते त्याला मिळाले. त्यात काही लबाडी झाली असे मला म्हणायचे नाही. मात्र सर्वांना हवे होते तेच घडले, म्हणून माझ्या यादीत ही लढत लंडनच्या खाली आहे. नुसता निकाल पाहणाऱ्याला हे पटणार नाही, याची कल्पना आहे.

हे सगळे मी सुट्टीत आजोबांना सांगितले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “कुणी लिवलंय ह्ये? इंग्रजांच्या पेपरांनीच न्हवं? ते आपला गडी जितला असं लिवतील व्हय?” प्रश्न चोख होता; संदर्भसाधनांच्या तासाला हाच विचारायला शिकवतात. मी म्हटले की, त्याच पेपरांनी दोष झिबिस्कोला दिला होता, गामाला नव्हे. ते त्यांना पटले असावे, कारण त्यांनी पुढचे विचारले, “आन् त्यो खाली हात कुठं ठिवून बसला हुता?” याचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

मात्र एक चित्रपट होता. झिबिस्कोने १९५० साली ‘नाइट अँड द सिटी’ या लंडनमध्ये घडणाऱ्या चित्रपटात ग्रेगोरियस या वृद्ध मल्लाची भूमिका केली. दिखाऊ कुस्तीचा तिटकारा असलेला हा म्हातारा शेवटी एका तरण्या, आडदांड मल्लाशी तालमीतच भिडतो. भूमिका लिहिलेली, निकाल लिहिलेला, कॅमेरा समोर. झिबिस्को तेव्हा सत्तरीच्या घरात होता. मी लॅपटॉप आजोबांच्या पुढ्यात ठेवला आणि तो प्रसंग लावला. इंग्रजी संवाद त्यांना कळत नव्हते आणि त्यांची जरूरही नव्हती. तो म्हातारा प्रतिस्पर्ध्याला कवेत आवळतो तिथे आजोबा पुढे वाकले.

“थांबीव. मागं घे जरा.”

मी मागे घेतले.

“ह्यो हात बघ. मनगाट कसं लावलंय बघ. आनी एकदा मागं घे.”