चौदा मोहरांचा भालाईत

‘बॅटल फॉर वेसनॉथ’ या खेळातला दिवस सहा पाळ्यांचा असतो: पहाट, सकाळ, दुपार, तिन्हीसांज आणि मग रात्रीचे दोन प्रहर. उजेडात माणसांच्या घावाला पंचवीस टक्के जोर चढतो, अंधारात तितकाच उतरतो. ऑर्क या राक्षसी जमातीचं याच्या नेमकं उलट. त्यामुळे तिन्हीसांजेची पाळी आली की सेनापतीची खरी परीक्षा सुरू होते. सैन्य टेकडीवर मागे घ्यायचं आहे, पुढच्या दोन पाळ्या अंधाराच्या आहेत, आणि नदीच्या उताराशी कुणीतरी थांबल्याशिवाय बाकीचे टेकडी गाठू शकत नाहीत. कुणाला थांबवायचं?

डेव्हिड व्हाइट यांनी २००३ साली सुरू केलेला हा खेळ पुढे जगभरच्या स्वयंसेवकांनी वाढवला. तो फुकट आहे, साध्या संगणकावर चालतो, आणि षटकोनी घरांच्या नकाशावर पाळीपाळीने खेळला जातो. एल्फ, बुटके, ड्रेक, हाडांचे सापळे असा सगळा अद्भुताचा पसारा त्यात आहे. मात्र त्यातला थांबवण्याचा प्रश्न अद्भुत नाही. तो कुठल्याही माघारीतला आहे, आणि तो मला फार गंभीर वाटतो.

बहुतेक वेळा त्या उताराशी भालाईत उभा राहतो. भरतीची किंमत १४ मोहरा, अंगात ३६ गुणांचं बळ. समोरचा ऑर्क ग्रंट पाळीला दोन घाव घालतो. एरवी नऊ गुणांचा त्याचा घाव रात्री अकरा गुणांचा होतो. असे तीन ग्रंट एकाच पाळीत चालून आले तर सहा घाव, आणि त्यातले चार लागले की भालाईत संपला. आता तो उघड्या गवतावर उभा असेल तर प्रत्येक घाव लागण्याची शक्यता साठ टक्के. तोच शेजारच्या घरात, गावाच्या आडोशाला असेल तर चाळीस टक्के. फरक वीसच टक्क्यांचा वाटतो. पण गणित मांडून पाहिलं की गवतावरचा भालाईत शंभरात चौपन्न वेळा त्या पाळीत मरतो आणि गावातला अठरा वेळा. शिवाय गावातला जगला तर पुढच्या पाळीला त्याच्या अंगात आठ गुण भरून येतात.

खेळणारे ज्याला बळी म्हणतात त्यातलं पुष्कळसं या चौपन्न आणि अठरा यांच्यामधल्या फरकात मोडतं. तो बळी नसतो, नकाशाकडे नीट न बघण्याचा परिणाम असतो. एक घर पलीकडे उभं केलं असतं तर तो गडी जगण्याची दाट शक्यता होती. म्हणून ‘युनिट खर्ची घालावं का’ असं कुणी विचारलं की मला आधी विचारावंसं वाटतं, ते उभं कुठे केलं होतं?

तरीही अठरा म्हणजे शून्य नव्हे. तो थांबतो तेव्हा आपल्या वाट्याला काय येतं? वेसनॉथमध्ये प्रत्येक सैनिकाचा भोवतालच्या सहा घरांवर वचक असतो. त्या घरात शत्रूनं पाऊल टाकलं की त्याला तिथेच थबकावं लागतं. म्हणजे एकटा भालाईत तीन घरं रुंदीची वाट अडवून धरतो. मागच्या जखमींना त्यातून एक पाळी मिळते, नशीब असेल तर दोन, आणि दोन पाळ्यांनंतर पहाट असते. टेकडीवरचा शुभ्र जादूगार, ज्याला वाढवायला कित्येक लढाया लागल्या, तो या दोन पाळ्यांमुळे वाचतो. याला मी सार्थ बळी म्हणते. त्यात एकाच्या जागी चार जण जगतात, आणि ते जगणं पटावर डोळ्यांनी दिसतं.

पण देणं एवढ्यावर संपत नाही. भालाईतासारख्या पहिल्या पातळीच्या सैनिकाला मारलं की मारणाऱ्याला आठ गुणांचा अनुभव मिळतो, आणि अनुभवाचं माप भरलं की तो वरच्या पातळीला जातो. जाताना त्याच्या सगळ्या जखमा तिथल्या तिथे भरून निघतात. म्हणजे मरणाच्या दारात पोचलेला ऑर्क आपल्या भालाईताचा जीव घेऊन ठणठणीत होऊन उठतो. शत्रूच्या कुठल्या गड्याचं माप भरत आलंय हे न पाहता माणूस पुढे करणाऱ्यानं आपल्याच हातानं शत्रूला औषध पाजलेलं असतं.

मग हात स्वस्त माणसाकडे जातो. आठ मोहरांचा शेतकरी, हातात काटेरी दाताळं, पातळी शून्य. तो मेला तर शत्रूला चारच गुण मिळतात. पण शून्य पातळीच्या सैनिकाचा कुणावर वचकच नसतो. शत्रू त्याला वळसा घालून सरळ पुढे निघून जातो. त्यानं अडवलेलं असतं ते फक्त स्वतःच्या पायाखालचं घर. हा नियम मला मनापासून पटतो. ज्याला आपण काही शिकवलं नाही, ज्याच्यावर काही खर्चलं नाही, त्याच्या मरणातून आपल्याला फार काही मिळू नये.

खेळाच्या जमाखर्चात आणखी एक कलम आहे. गावांना पोसता येईल त्यापलीकडे सैन्य वाढलं की त्या जादा सैनिकांमागे पाळीला त्यांच्या पातळीइतक्या मोहरा पोटगी द्यावी लागते. त्यातला एखादा मेला की पोटगी वाचते. हिशेब म्हणून हे खरं आहे. पण त्यासाठी कुणाला मरू देणारा सेनापती मला सेनापती वाटत नाही.

बुद्धिबळात हा विचार फार खोलवर झालेला आहे. रुडॉल्फ श्पिलमान या ऑस्ट्रियन खेळाडूनं बळीवर अख्खं पुस्तक लिहिलं आणि त्यात दोन जाती वेगळ्या केल्या. ज्याचा मोबदला काही चालींत मोजून दाखवता येतो तो नावापुरता बळी, आणि ज्याचा मोबदला मोजता येत नाही, पदरात पडेलच असंही नाही, तो खरा. १८५१ साली लंडनमध्ये आंडरसननं किझेरिट्स्कीविरुद्ध एक उंट, दोन्ही हत्ती आणि शेवटी वजीरसुद्धा देऊन मात केली. तो डाव आजही शिकवला जातो. पण डाव संपल्यावर ते हत्ती पुन्हा पेटीत गेले आणि पुढच्या डावाला आपापल्या कोपऱ्यात येऊन बसले.

वेसनॉथच्या मोहिमेत तसं होत नाही. इथे एका लढाईमागून दुसरी लढाई असते, आणि दर लढाईच्या आरंभी मागून वाचून आलेल्यांची यादी उघडते. प्रत्येकाला नाव असतं. भरती होतानाच खेळ ते परस्पर ठेवून देतो. गुणही वेगवेगळे: कुणी चपळ, कुणी बळकट, कुणी हुशार. मेलेल्याचं नाव त्या यादीत पुन्हा दिसत नाही. यातल्या जुन्याला परत बोलवायला साधारण २० मोहरा पडतात, नवा भालाईत १४ला मिळतो. कोरडा हिशेब म्हणतो, नवा घ्या आणि पुढे ढकला. त्यामुळे मरायची पाळी नेहमी नवख्यावर येते. उलट ‘एअर टू द थ्रोन’ या मोहिमेत राजपुत्र कॉनराड किंवा म्हातारा जादूगार डेल्फाडोर पडला की लढाईच हरली. कुणाचं मरण परवडतं आणि कुणाचं नाही हे नियमांनीच लिहून ठेवलेलं आहे, आणि ते वाचताना मी अस्वस्थ होते.

जपानमध्ये १९९० साली आलेल्या ‘फायर एम्ब्लेम’नं हीच अस्वस्थता खेळाच्या गाभ्याशी नेली. त्यात पडलेला सोबती कायमचा जातो. त्या पहिल्या खेळाची ‘शॅडो ड्रॅगन’ ही नवी आवृत्ती २००८ साली आली. ती नॉर्मल पातळीवर खेळताना सुरुवातीलाच असा प्रसंग येतो: राज्य पडलंय, राजपुत्र मार्थला निसटायचंय, आणि शत्रूला फसवण्यासाठी एका सोबत्याला मार्थ म्हणून मागे राहावं लागणार आहे. कोण राहणार, ते खेळणाऱ्यानं निवडायचं.

मराठी माणसाला इथे पन्हाळा आठवल्यावाचून राहणार नाही. १६६० सालच्या त्या पावसाळी रात्री महाराजांच्या वेषात पालखीत बसून सिद्दी जौहरच्या गोटात गेलेला शिवा काशीद, आणि दुसऱ्या दिवशी घोडखिंडीत वाट रोखून उभे राहिलेले बाजीप्रभू. परंपरेनं ही नावं जपली, कारण ती माणसं काय होणार हे जाणून गेली. त्यांनी स्वतः ठरवलं होतं. पटावरच्या भालाईताला ठरवता येत नाही, नाही म्हणता येत नाही. त्यामुळे त्याच्या वाट्याचं ठरवणं माझ्याकडे येतं, आणि ते मी त्याच्या बाजूनं केलं पाहिजे. या मरणातून जो जगणार आहे तो पटावर कुठे आहे, हे मला बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. नाही दाखवता आलं तर त्याला मागे बोलवावं, मग टेकडी हातची गेली तरी चालेल.

पुढे २०१० साली ‘फायर एम्ब्लेम’च्याच मालिकेत अशी सोय आली की पडलेले सोबती पुढच्या प्रकरणात परत येतात. वेसनॉथही दर पाळीला आपोआप सेव्ह होतं, मागे जाऊन डाव फिरवता येतो. दमूनभागून घरी येऊन तासभर खेळणाऱ्यानं ही सोय घेतली तर मी त्याला नावं ठेवणार नाही. फक्त तिथे बळीचा प्रश्नच उरत नाही, उरते ती चालींची उजळणी.

माझा राग आहे तो ‘शॅडो ड्रॅगन’मधल्या दुसऱ्या एका गोष्टीवर. त्यात काही जादा प्रकरणं लपवलेली आहेत, आणि त्यांतली बरीचशी उघडायची तर सैन्यात पंधरा किंवा त्याहून कमी माणसं जिवंत असावी लागतात. सगळ्यांना सांभाळून आणणाऱ्याला ती दिसतच नाहीत. म्हणून खेळणारे धडधाकट सोबत्यांना, ज्यांच्याशी काही वैर नाही, ज्यांच्या जाण्यानं कुणी वाचणार नाही, एकेक करून शत्रूच्या तोंडी देतात आणि मग पुढचं प्रकरण उघडतं. कथा कितीही सुंदर असो, त्या मरणांनी पटावरचं कुणीही जगलेलं नसतं, भागलेली असते फक्त पटाबाहेर बसलेल्याची उत्सुकता. ती प्रकरणं मी पाहिलेली नाहीत, आणि त्यांच्यासाठी कुणाला पुढे धाडायची माझी तयारी नाही.