तापीकांठचीं गोड धिरडीं

सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावर नंदुरबार हें स्थानक लागतें. १९९८ सालीं धुळें जिल्ह्यांतून वेगळा झालेला हा जिल्हा बाहेरच्यांस ठाऊक आहे तो मुख्यतः मिरच्यांमुळें. हिंवाळ्यांत वाळत घातलेल्या मिरच्यांचे तांबडे पट्टे दूरवर दिसतात व नवखा प्रवासी शिंकूं लागतो. अशा मुलखांत गोड न्याहारीचा विषय कोणास विपरीत वाटेल. परंतु शहाद्याच्या वाटेनें प्रकाशा जवळ येतांच केळी, पपई व ऊंस यांचें राज्य सुरू होतें. तापी-गोमाईच्या संगमावरील या क्षेत्रास भाविक दक्षिणकाशी म्हणतात. १९५४-५५ सालीं येथें झालेल्या उत्खननांत ताम्रपाषाणयुगीन वस्ती उजेडांत आली.

केदारेश्वराचें दर्शन घेऊन मी एका स्नेह्यांच्या घरीं उतरलों. घरांत एक सूक्ष्म कलह चालू होता. सुटींत पुण्याहून आलेल्या नातीनें आजीबाईंचीं गुळाचीं धिरडीं दोन दिवस नुसतीं उष्टावून ठेविलीं होतीं. तिला हवा होता जाड, लुसलुशीत पॅनकेक.

"आजी, अंडें घातल्याशिवाय तो फुगत नाहीं."

"अगं, या चुलीवर अंडें यायचें नाहीं. फुगवायचें कसें तें मी बघतें."

वस्तुतः हा पदार्थ आपणांस परका नाहीं. ऋग्वेदांत तुपानें माखलेला अपूप आहे, आणि पाणिनीस त्याच्या नांवानें अपूपादि गण करावासा वाटला. बाराव्या शतकांतील सोमेश्वराच्या मानसोल्लासांत मण्डक आहेत, त्यांचेच वंशज मांडे खानदेशांत अजून खापरावर भाजतात. अंड्याचें म्हणाल तर ख्रिस्ती लोकांच्या लेंटच्या उपवासांत पूर्वीं तें वर्ज्य असे. म्हणून उपवास लागण्यापूर्वींच्या मंगळवारीं घरांतील अंडीं संपविण्यास इंग्लंडांत पॅनकेक करीत. आपली कांदेनवमी त्याच जातीची!

तिसऱ्या दिवशीं सकाळीं आजीबाईंनीं कणकेंत थोडा रवा मिसळला. गूळ कोमट पाण्यांत विरघळवून, गाळून, त्यांत एक अति पिकलेलें केळें कुसकरलें. वर आंबट दही, वेलची, चिमूटभर मीठ. पातळ धिरड्याहून पीठ बरेंच दाट ठेविलें. सोडा अगदीं शेवटीं, तोहि चिमटीनें. दह्याची आंबटाई व सोडा एकत्र येतांच वायु सुटतो आणि तोच धिरड्यास फुगवितो. पीठ मग ठेवून दिलें तर तो निसटून जातो. पुष्कळ गृहिणी येथेंच चुकतात असें माझें मत आहे: त्या पीठ घोटीत बसतात. घोटल्यानें कणीक चिवट होते. दोन-चार गुठळ्या राहिल्या तरी बिघडत नाहीं. तव्यावर पळीभर पीठ घालून पसरावयाचें नाहीं. झांकण ठेवून आंच मंद राखावी, कारण गूळ लवकर करपतो. वर बुडबुडे फुटून जाळी पडली कीं उलटावें.

वर तूप, केळ्याच्या चकत्या आणि काकवीची धार.

नातीनें पहिलें धिरडें संशयानें मोडलें, दुसरें मागून घेतलें. तिसऱ्याच्या वेळीं ती वही घेऊन चुलीपाशीं आली. पण आजीबाईंचें माप मुठीचें! "दोन मुठी म्हणजे किती, आजी?" अखेर तिनें आजीच्या मुठीखालीं वाटी धरली, आणि जेवढी कणीक पडली तेवढी पुनः मोजून वहींत लिहून घेतली.