डाव्या हाताचं गाणं

आपल्या पांडेसऱ्यातल्या चाळी, लूमची खाती, भुसावळकडची गाडी यांवर इथे पुष्कळ लिहून झालंय. आज मी पियानोवर लिहितोय. हसू नका, मुद्द्यावर येतोच.

माझी नात नववीत आहे, कॅसिओवर शिकते. सध्या तिचं 'ओडियन' चालू आहे. ब्राझीलच्या एर्नेस्तो नाझारेथ या पियानोवादकाची ही साधारण 1909 ची रचना. गायक नाही, तबला-ढोलकी नाही, एकटा पियानो. रिओतल्या ओडियन सिनेमाच्या दालनात लोक खेळाची वाट बघत बसायचे, तिथे हे गृहस्थ वाजवायचे. त्या थिएटरचंच नाव दिलं.

यात सुरुवातीची चाल डावा हात वाजवतो, खालच्या जाड सुरांत. उजवा हात वरून नुसती साथ देतो. म्हणजे साहेब तळमजल्यावर आणि कारकून माडीवर!

अशा संगीतामागे क्युबाचा हबानेरा ठेका आहे. नातीने तो बोटांवर मोजून दाखवला : 3, 1, 2, 2. बेरीज 8. मी बी.कॉम.वाला, बेरीज जुळली की जीवाला बरं वाटतं. आपला केरवाही आठच मात्रांचा, पण त्याचे चार-चारचे सरळ भाग. इथे पहिली उडीच तीनची, म्हणून पाऊल अडखळल्यासारखं होतं नि लगेच सावरतं. युरोपचा पोल्का, क्युबाचा हबानेरा आणि गुलाम करून आणलेल्या आफ्रिकी माणसांचे ठेके, असं सगळं ब्राझीलमध्ये एकत्र आलं. आपल्या पिढीला हा झोका परका नाही. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी 1951 च्या 'अलबेला'त 'शोला जो भडके'ला बोंगो वाजवले, त्यावर आपण वरातीत नाचलोय.

आता मुद्दा. आमचे नाना नंदुरबारकडून आले आणि आयुष्यभर लूमवर उभे राहिले. बारा-बारा तास खटाखट, खटाखट. पन्नाशीतच कान गेले. "काय म्हनस?" हे त्यांचं कायमचं वाक्य. पण लूमच्या सांगाड्यावर तळहात ठेवून धोटा कुठे चुकतोय ते अचूक सांगायचे. माझ्या थोरल्याचे पहिले बोबडे बोल मात्र त्यांनी ओठांवरूनच ओळखले. नाझारेथलाही उतारवयात ऐकू येईनासं झालं होतं. 1934 मध्ये तो गेला. त्याला वाजवताना तळहाताला काय जाणवत असेल, ते मला नानांमुळे कळतं.

यंदा माझीही तपासणी झाली. वयाने काय किंवा आवाजाने काय, आधी वरचे बारीक आवाज जातात, असं डॉक्टरांनी आलेखावर दाखवलं. म्हणजे 'ओडियन' मला का आवडलं याचा हिशोब लागला : डावा हात मला नीट ऐकू येत होता! आता कानात मशीन आहे. उजवा हातही येतो, आणि नात मधेच पुटपुटते तेही.

लूमच्या आवाजाने गेलेले कान परत येत नाहीत. आपली बरीच पोरं अजून खात्यावर आहेत. त्यांना कानात घालायचे बोळे आणून द्या, चार पैशांचं काम आहे. आणि घरात कोणी दोन-दोनदा "काय म्हनस?" विचारत असेल, तर चिडू नका. तपासणीला घेऊन जा.