इफ्तारचं शकरकंद

रताळ्याला आमच्या घरात शकरकंद म्हणतात. उर्दूत हा शब्द लिहायची वेळ आली की वर्गातली मुलं थबकतात. शेवटचा ‘कंद’ काफने लिहायचा की क़ाफने? काफने लिहिला तर तो आपला जमिनीखालचा कंद. पण उर्दूत तो बहुतेक क़ाफनेच लिहिलेला दिसतो, आणि फारसीत क़ंद म्हणजे साखर. म्हणजे साखरेची साखर! हा क़ंदही मुळात आपल्या संस्कृत ‘खंड’वरून तिकडे गेलेला. मराठीत खांडसरी राहिली, इंग्रजीत त्याची कँडी झाली.

मराठीतली गंमत वेगळी. ‘रताळं’ आलं ‘रक्तालु’वरून, म्हणजे लाल कंद. आणि बटाटा हा शब्द पोर्तुगीजांनी आणला, तो मूळचा कॅरिबियन बेटांवरच्या लोकांचा, आणि त्यांच्याकडे त्याचा अर्थ होता रताळं. एकाचं नाव दुसऱ्याला कायमचं चिकटलं. तेव्हा फ्राइज बटाट्याऐवजी रताळ्याच्या केल्या म्हणून कोणी नाक मुरडू नये.

“तुमच्यात रताळी खातात का हो, मॅडम?” असं शाळेत दर एखाद्या एकादशीला कोणीतरी विचारतंच. खातात. उकडून, निखाऱ्यावर भाजून, दुधात शिजवून, सगळ्या तऱ्हेने खातात. शेतकरी ते आपल्या एका धर्माच्या ग्राहकासाठी लावत नाही. उलट २०२५ साली तर महाशिवरात्रीने आमच्या रमजानची सोयच केली. २६ फेब्रुवारीला शिवरात्र झाली आणि २ मार्चला पहिला रोजा. दोन्ही पंचांगं चंद्राचीच. माघ वद्य चतुर्दशी, मग अमावस्या आणि त्यानंतर दिसला तो रमजानचा चांद. शिवरात्रीसाठी आणलेले रताळ्यांचे ढीग बाजारात उरले होते, भाव उतरले होते. मी तीन किलो घेतली.

घेण्याचं कारण मात्र स्वस्ताई नव्हतं.

माझ्या सासूबाई, आम्ही सगळे त्यांना अम्मी म्हणतो, सत्तरी ओलांडलेल्या. मधुमेह जुना, त्यात काही वर्षांपूर्वी इन्शुलिन सुरू झालं आणि डॉक्टरांनी रोजे बंद करायला सांगितलं. दीन आजाऱ्यावर सक्ती करत नाही. सूरह बकराच्या १८४ व्या आयतीत आजारी आणि प्रवासी माणसाला सवलत आहे, आणि ज्याला रोजे झेपणारच नाहीत त्याच्यासाठी फिदया आहे, म्हणजे एका रोज्याबद्दल एका गरजूचं जेवण. अम्मी फिदया देतात, मसला त्यांना तोंडपाठ आहे. पण मसला ठाऊक असणं निराळं आणि साठ वर्षं रोजे ठेवलेल्या बाईने रोजा नसताना रोजेदारांच्या दस्तरख्वानवर बसणं निराळं. मगरिबची अजान झाली की त्या तसबीह घेऊन आतल्या खोलीत जायच्या. बोलावलं तर म्हणायच्या, “मेरा कहाँ रोजा है? तुम लोगां खाव.”

आणि त्यांनी यावं तरी कशासाठी? आमच्यासमोर कांदाभजी, समोसे, मूगडाळीचे पकोडे. त्यांची वाटी वेगळी, उकडलेले मूग आणि काकडी. वेगळ्या वाटीने माणूसही वेगळा बसतो. मला एक असा पदार्थ हवा होता जो एकाच ताटातून सगळे खातील, आणि मुलं “हे पेशंटचं आहे” म्हणून बाजूला सारणार नाहीत. घरात ओव्हन होता. केकपुरता वर्षातून दोनदा बाहेर निघणारा.

परदेशी पाककृतींत बहुधा नारिंगी गराची रताळी असतात. तशी आपल्याकडेही आहेत. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेने ‘भू सोना’ नावाचं नारिंगी वाण काढलं आहे, ‘अ’ जीवनसत्त्वासाठी ते चांगलं. पण आपल्या बाजारातलं लाल सालीचं, पांढऱ्या गराचं रताळं फ्राइजला जास्त बरं, असं माझं मत. त्यात पाणी कमी, गर पिठूळ, म्हणून कड लवकर कुरकुरीत होते.

अर्धा किलो रताळी सोलून बोटभर लांब, सेंटिमीटरभर जाड अशा कांड्या कापायच्या. सगळ्या सारख्या जाडीच्या हव्यात, नाहीतर बारीक करपतात आणि जाड आत कच्च्या राहतात. हे काम अम्मींचं. असरची नमाज झाली की त्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून पट्टीने आखल्यासारख्या कांड्या कापतात. माझ्या कापलेल्या त्यांना पसंत नाहीत. कांड्या अर्धा तास थंड पाण्यात ठेवायच्या, वरचा स्टार्च निघून जातो. मग सुती कापडावर कोरड्या करायच्या. अगदी कोरड्या, कारण ओल राहिली की ओव्हनमध्ये त्या भाजत नाहीत, वाफवतात. आधी एक मोठा चमचा कॉर्नफ्लोर चोळायचं, मग दोन चमचे तेल, थोडं तिखट, मिरपूड. मीठ नाही. मिठाने पाणी सुटतं, म्हणून ते बाहेर काढल्यावरच. रोजा असताना चाखता येत नाही, त्यामुळे ही रीत मला फारच सोयीची.

ओव्हन २२० अंशांवर दहा मिनिटं आधी तापवायचा. ट्रेमध्ये एकच थर, कांडीला कांडी लागू द्यायची नाही. घरगुती ओव्हनमध्ये एका वेळी पाव किलोच मावतं, हे गृहीत धरूनच चालावं. पंधरा मिनिटांनी उलटायच्या, पुन्हा दहा-बारा मिनिटं, मग ओव्हन बंद करून दार किलकिलं ठेवून पाच मिनिटं.

खरा घोळ वेळेचा. या फ्राइज दहा-पंधरा मिनिटांत मऊ पडतात. मार्चमध्ये मगरिब पावणेसातच्या आसपास. खजूर आणि पाण्याने रोजा सोडून पुरुष मशिदीत जातात, ते सात वाजता परततात. म्हणून मी ट्रे अजानच्या वीस मिनिटं आधी ठेवते. आमची नमाज होईतो भाजून होतं, आणि ते दारात आले की गरम ट्रे बाहेर. दुसरा ट्रे लगेच आत. लाइट गेली तर मात्र तव्यावर झाकण ठेवून जे होईल ते.

सोबतच्या चटणीला वाटीभर दही तासभर फडक्यात टांगायचं. मग त्यात पुदिना, हिरवी मिरची, दोन पाकळ्या लसूण वाटून, भाजलेल्या जिऱ्याची पूड, मीठ, लिंबू. खजूर-चिंचेची चटणी या फ्राइजना जास्त शोभते, मान्य, पण साखरेवर साखर नको. मुलं तरीही मेयॉनीज मागतात. मागू देत.

आता पथ्याबद्दल, कारण “ओव्हनमधलं म्हणजे निर्धोक” असं बरेच जण धरून चालतात. तेल कमी लागतं एवढंच खरं. भाजताना रताळ्यातलंच एक एन्झाइम स्टार्चची माल्टोज ही साखर बनवतं, म्हणून तर निखाऱ्यावर हळूहळू भाजलेलं रताळं इतकं गोड लागतं. उकडलेल्यापेक्षा भाजलेलं रक्तातली साखर लवकर वाढवतं. शंभर ग्रॅम कच्च्या रताळ्यात साधारण वीस ग्रॅम कर्बोदकं असतात. भाजल्यावर पाणी उडून वजन घटतं, तेव्हा मोजायचं ते कच्चं. आम्ही डॉक्टरांना विचारूनच ठरवलं: अम्मींच्या वाट्याला पाऊणशे ग्रॅम, दह्यासोबत, आणि त्या रात्री एक चपाती कमी. तेही आठवड्यातून दोनदाच. प्रत्येकाचं औषध वेगळं, हा हिशेब कोणी उचलून आपल्या घरी लावू नये.

पाऊणशे ग्रॅम म्हणजे आमच्या कांड्यांच्या हिशेबाने नऊ. अम्मी स्वतः कापतात, स्वतः मोजतात. ट्रे बाहेर आला की तो दस्तरख्वानच्या मधोमध ठेवायचा, वेगळ्या वाटीत काढायचं नाही, हेही त्यांनीच ठरवलं. त्या माझ्या धाकट्या मुलाशेजारी बसतात आणि त्याला बजावतात, “मेरे नौ छोड़ के खाना.” तो आठच सोडतो, आणि मग दोघांची हुज्जत दुसरा ट्रे येईपर्यंत चालते.