कुरणाचे पुन्हा अरण्य

ब्राझीलमधील बेलो ओरिझोंते शहरातून अटलांटिक किनाऱ्याकडे रोज एक प्रवासी गाडी धावते. त्याच रुळांवरून लोहखनिजाने भरलेल्या लांबच लांब मालगाड्याही जातात. गाडी रिओ दोसे, म्हणजे ‘गोड नदी’, हिच्या काठाने पुढे सरकते आणि मिनास जेराइस राज्याची हद्द संपता संपता ऐमोरेस हे छोटेसे गाव येते. भोवतालच्या टेकड्या बहुतांशी उघड्या, गुरांनी चरून झिजवलेल्या, पावसाने ओघळ पाडलेल्या आहेत. त्या उजाड मुलखात सुमारे ७०० हेक्टरांचा, म्हणजे जवळजवळ १,७०० एकरांचा, एक घनदाट हिरवा पट्टा दिसतो. पूर्वी ते बुलकाओ नावाचे शेत होते. जगद्विख्यात छायाचित्रकार सेबास्तियाओ सालगादो यांचे बालपण या भूमीवर गेले.

सालगादो यांचा जन्म १९४४ चा. त्या काळी शेताचा मोठा भाग अटलांटिक वनाने व्यापलेला होता. वडील गुरे पाळीत. कुटुंब मोठे, त्याचा संसार या भूमीवरच उभा राहिला. कुरणे वाढत गेली, तसे वन आटत गेले. साऱ्या खोऱ्यात हेच चालले होते, म्हणून कोणाला त्यात वावगे वाटले नाही. व्यवहाराच्या भाषेत सांगायचे, तर मुद्दल खर्ची पडत होते आणि सारे त्याला उत्पन्न समजत होते.

मुलगा अर्थशास्त्र शिकला. लष्करी राजवटीमुळे १९६९ मध्ये पत्नी लेलिया यांच्यासह त्याला पॅरिस गाठावे लागले. पुढे लंडनमध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी संघटनेत नोकरी मिळाली आणि कामानिमित्त आफ्रिकेचे दौरे सुरू झाले. लेलियांनी घेतलेला कॅमेरा त्या दौऱ्यांत सोबत असे. १९७३ मध्ये स्थिर नोकरी सोडून सालगादो पूर्णवेळ छायाचित्रकार झाले. ब्राझीलच्या सोन्याच्या खाणीत चिखलाने माखलेले हजारो मजूर, धनबादचे कोळसा कामगार, मुंबईच्या चर्चगेट स्थानकावर धुक्यासारखा वाहणारा गर्दीचा लोंढा, अशी त्यांची कृष्णधवल चित्रे जगभर पाहिली गेली.

१९९४ मध्ये रवांडातील नरसंहार त्यांनी जवळून पाहिला. त्या मृत्यूच्या दर्शनाने त्यांचे शरीर आणि मनुष्यजातीवरील श्रद्धा दोन्ही खचली. प्रकृती इतकी ढासळली की वैद्यांनी काम थांबवण्यास सांगितले. याच सुमारास वडिलांचे शेत त्यांच्याकडे आले. पाहतात तो लहानपणीचे अरण्य नाहीसे झालेले, झरे आटलेले, माती वाहून गेलेली. मालक आणि जमीन दोघेही सारखेच आजारी होते.

येथे पुन्हा वन लावावे, ही कल्पना लेलियांची. १९९८ मध्ये ‘इन्स्तितुतो तेर्रा’, म्हणजे ‘भूमी संस्था’, स्थापन झाली. जमीन खासगी निसर्गराखीव म्हणून घोषित झाली. तेथे पुन्हा कुरण होण्याची वाट कायद्यानेच बंद केली. वारसाहक्काने आलेल्या मालमत्तेतून नफ्याचा विचार असा कायमचा वगळणे सोपे नव्हते.

१९९९ च्या अखेरीस पहिली रोपे लागली. त्यांतील बरीचशी मेली. मरगळलेल्या मातीत परदेशी गवत माजले होते. कोवळ्या रोपांना सावली नव्हती. तरी पुढच्या पावसाळ्यात पुन्हा लागवड झाली. आधी झपाट्याने वाढणारी झाडे लावायची आणि त्यांच्या सावलीत सावकाश वाढणारी जोपासायची, हा क्रम ठरला. सुमारे ३०० स्थानिक जातींची २० लाखांहून अधिक झाडे लागली. झाडांमागोमाग पक्षी आले, वन्य प्राणी आले आणि आटलेले झरे पुन्हा वाहू लागले.

हे वन एका कुटुंबापुरते राहिले नाही. संस्थेच्या रोपवाटिकेतील रोपे खोऱ्यातल्या शेतकऱ्यांकडे जातात. लहान शेतकऱ्यांच्या जमिनीतील झऱ्यांभोवती कुंपण घालून, झाडे लावून ते जपले जातात. ग्रामीण तरुणांना वनसंवर्धनाचे शिक्षण मिळते.

तरीही या कथेत एक सल आहे. संस्थेला रोपांची मदत खाण उद्योगाकडूनही मिळाली होती. ५ नोव्हेंबर २०१५ रोजी नदीच्या वरच्या भागात लोहखनिजाच्या खाणीचा बांध फुटला. १९ माणसे दगावली. तांबडा गाळ ऐमोरेसवरून वाहत समुद्रापर्यंत गेला. एका टेकडीवर झरे जिवंत होत असताना खाली नदीच गढुळली. एकट्याच्या पुण्याईने सामूहिक लोभाचे देणे फिटत नाही, हे त्या पाण्याने दाखवले. संस्थेचे काम मात्र थांबले नाही. नदी वाचवायची, तर एकेक झरा वाचवावा लागेल, हे तिने आधीच ओळखले होते.

२३ मे २०२५ रोजी पॅरिसमध्ये सालगादो यांचे निधन झाले. त्यांची चित्रे संग्रहालयांत आहेत. ऐमोरेसच्या टेकडीवर मात्र पित्याच्या पिढीने भूमीकडून घेतलेले पुत्राच्या पिढीने परत केले आहे. आणि त्या परतफेडीवर दरवर्षी पावसाळ्यात नवी पालवी फुटते.